गोराईची माडी आणि न फुगलेलं पीठ

गोराईला जाते असं मी सांगितलं तेव्हा आईने विचारलं, "ते मुंबईतच ना?" मुंबईतच. बोरिवली स्टेशनपासून बसने खाडीपर्यंत जायचं, होडीने पलीकडे उतरायचं आणि तिथून टांग्याने गावात. मुलुंडहून निघाल्यापासून सगळे मिळून तीन तास. पण होडीतून उतरल्यावर मुंबई मागे राहते ती राहतेच. मिठागरं, चिखलात बसलेले बगळे, माडांची रांग आणि पांढरे क्रूस उभे असलेले गल्लीचे कोपरे. ज्यांनी गोराई पाहिलेली नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. तिथला समुद्र सुंदर आहे, पण मला तो बघायला फारसा वेळ मिळाला नाही.

माझ्या मांडीवर पत्र्याचा डबा होता. होडीवाल्याने विचारलं, "काय हाय त्यात, बाय?" मी म्हटलं, "काचेच्या बशा." त्यात खरोखर झाकणाच्या काचेच्या बशा होत्या, आणि बशांत निळसर, खरवसासारखं थिजलेलं खाद्य. यीस्टचं खाद्य.

अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत मी संशोधन करते. विषय थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. घटसर्पाचं विष, एरंडाच्या बीमधलं विष ही प्रथिनं असतात. ती पेशीला बाहेरून चिकटतात, मग काही आत शिरतात, काही पेशीच्या अंगाला भोक पाडतात. हे कसं घडतं ते माणसाच्या पेशींवर बघायचं तर फार खटाटोप करावा लागतो. यीस्ट मात्र साधं, दोन तासांत दुप्पट होणारं, आणि त्याची पेशी आतून आपल्या पेशीशी बरीच मिळतीजुळती. शिवाय काही यीस्ट स्वतःच असं विष तयार करतात आणि आजूबाजूच्या दुसऱ्या यीस्टना मारतात. असे मारेकरी यीस्ट मला रानातून, म्हणजे माडाच्या आंबलेल्या रसातून, माडीतून हवे होते.

माडीचा रस्ता मेरीबाईंनी दाखवला. आमच्याकडचं काचसामान त्या धुतात. त्यांच्या मुलीचं, फिलूचं, लग्न जानेवारीतल्या एका रविवारी होतं. "बुधवारीच ये," त्या म्हणाल्या. "लगीन पण बघ आणि पायजे तेवढी माडी ने."

बुधवार

मेरीबाईंचं घर कौलारू, पुढे लांब ओटा. ओट्यावर त्यांचे सासरे बसलेले. सगळे त्यांना पापा म्हणत. वय ऐंशीच्या पुढे, पण रोज सकाळी पेलाभर माडी घेतल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. अंगणात मांडव घालणारे मेरीबाईंचे दीर पास्कल. पन्नाशीचे, उंच, मोठ्या आवाजाचे. मेरीबाईंचा नवरा वारल्यापासून घरातलं पुरुषमाणूस तेच.

जेवायला बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी होती. आमच्याकडे कालवणात ओलं खोबरं लागतंच. इथे बाटलीत ठासून भरलेला मसाला, वर्षभराचा, वीस-पंचवीस जिन्नस घालून उन्हाळ्यात कुटलेला. डोळ्यांतून पाणी आलं तरी मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

संध्याकाळी माडी घेऊन हरीभाऊ आले. कंबरेला कोयता, खांद्यावर कावड, पायांच्या तळव्यांना चामड्यासारखे घट्टे. मेरीबाईंनी ओळख करून दिली, तशी त्यांनी माझं आडनाव ऐकलं आणि विचारलं, "खंयची गो तू?"

"कणकवलीची. म्हणजे बाबा कणकवलीचे."

"मगे माझ्याच मुलखातली." त्यांनी जरा हसून कावड खाली ठेवली. ते वेंगुर्ल्याकडून तीस वर्षांपूर्वी आलेले, भंडारी, माडावर चढणं हाच पिढीजात धंदा. गावातल्या बऱ्याच जणांचे माड त्यांनी वहिवाटीला घेतले होते. त्यांत पास्कलचे आठ होते.

हरीभाऊ गेल्यावर पास्कल म्हणाले, "त्या आठ झाडांखालची जमीन एक शेटजी मागतो. बंगला बांधाचा हाय त्याला. पण ह्यो हरीभाऊ माड सोडत नाय." मी ते तेव्हा कानाआड केलं.

मेरीबाईंनी माडी एका मोठ्या मातीच्या डेऱ्यात ओतली. हा डेरा त्यांच्या सासूचा. एरवी माळ्यावर असायचा आणि घरात लग्न निघालं की खाली यायचा. त्यातल्या माडीवर मैदा भिजवायचा, त्यात अंडी आणि नारळाचं दूध घालायचं, पीठ दुप्पट फुगलं की लहान गोळे तळायचे. त्यांना फुगेच म्हणतात. लग्नात फुगे नसले तर पाहुणे जेवले असं कोणी धरत नाही.

गुरुवार

रात्री नमुन्याला म्हणून थोडं पीठ भिजवलं होतं, ते सकाळी जसंच्या तसं पडलेलं होतं. फिलूने बोट खुपसलं, खळगा तसाच राहिला.

"थंडी हाय ना," मेरीबाई म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं. पास्कल मात्र होडीने बोरिवलीला गेले आणि तिथल्या बेकरीतून कागदात गुंडाळलेलं ओलं यीस्ट घेऊन आले. ते डेऱ्यातल्या माडीत कालवलं, नवं पीठ भिजवलं आणि चुलीजवळ उबेला ठेवलं. तीन तास गेले. पीठ हललं नाही.

तेवढ्यात ओट्यावर पापा ओकले. एकदा, दोनदा, मग पोट धरून आडवे झाले. त्यांनी सकाळी डेऱ्यातलाच पेला घेतला होता.

आता मी जे केलं ते लिहायला मला अजून जड जातं. त्या क्षणी माझं लक्ष पापांकडे नव्हतं. ते पिठाकडे होतं. बेकरीचं यीस्ट जोमदार असतं, उबेत ते असं निपचित पडत नाही. डेऱ्यात काहीतरी त्याला मारतंय, म्हणजे मी ज्यासाठी आले ते मला आल्या आल्याच मिळालं, या आनंदात मी मोठ्याने म्हणाले, "हे थंडीने नाही झालेलं. यात विषच आहे."

मला पुढचं वाक्य बोलायचं होतं. ते कोणी ऐकलं नाही. पास्कलनी माझ्याकडे पाहिलं, पापांकडे पाहिलं आणि विचारलं, "विष? तू शिकलेली बाय सांगते, विष?"

"हो, पण माणसाला नाही, ते यीस्टला..."

ते अंगणातून बाहेर पडले होते. मांडवाचे चार-पाच गडी त्यांच्यामागे गेले. मी आणि मेरीबाई धावत पोचलो तेव्हा हरीभाऊंच्या झोपडीपुढे मडकी फुटत होती. माडाला बांधायची, धुऊन उन्हात पालथी घातलेली वीस-बावीस मडकी. एका गड्याने त्यांचा कोयता उचलून घेतला होता. हरीभाऊ दाराशी उभे होते, हात खाली सोडून.

"माझ्या बापाला काय पाजलंस?" पास्कलनी विचारलं. "माड सोडाचे नाय म्हणून?"

"मिया कित्याक इख घालतलंय? पापाक मी तीस वर्षां माडी देतंय."

"ही बाय सांगते. मुंबईच्या लॅबोरेटरीची."

हरीभाऊंनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. "तू सांगलंस असा?" एवढंच विचारलं.

मी पुढे झाले. म्हटलं, "मी अर्धंच बोलले. ती माझी चूक. डेऱ्यात एका जातीचं यीस्ट असावं, जे दुसऱ्या यीस्टला मारतं. त्याचं विष यीस्टच्याच अंगाला चिकटतं. आपल्या पेशीला चिकटायला त्याला जागाच नाही. माणूस त्याने आजारी पडत नाही."

"मग पापा का पडला?"

"ते मला माहीत नाही."

"माहीत नाय," पास्कल म्हणाले. "पोलिसांना माहीत करून घेऊ दे." त्यांनी हरीभाऊंचं मनगट धरलं.

त्या वेळी मला दुसरं काही सुचलं नाही. मी म्हटलं, "डेऱ्यातलीच माडी मी पिते. सगळ्यांसमोर. उद्या सकाळी मी ठीक असले तर त्यांना हात लावायचा नाही. आणि शनिवारपर्यंत मला वेळ द्या, विष कुठून आलं ते दाखवते."

"माका पण दी," हरीभाऊ म्हणाले.

परत ओट्यावर आलो. गल्ली जमली होती. मेरीबाई डेऱ्यातून पेला भरताना म्हणाल्या, "बाय, नको गो. तुझ्या आयशीला मी काय सांगू?" आमच्या घरात कोणी दारूला शिवत नाही. माडीचा वास आंबूस होता, तळाशी कुजलेल्या फळासारखा. हुंगून मी कीटकनाशकाचा वास शोधत होते, हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. डेऱ्यात मारेकरी यीस्ट आहे हा माझा तर्क होता. आणखी कोणी काही घातलेलं नाही, याची मला काडीचीही खात्री नव्हती. मी हरीभाऊंना ओळखत होते ते फक्त एका संध्याकाळपुरतं.

प्याले. आंबट, जिभेला चावणारी. माझ्यामागून हरीभाऊंनी पेला रिकामा केला, उपडा करून ठेवला आणि निघून गेले.

मग मी डबा उघडला. निळ्या खाद्यावर सगळीकडे नाजूक यीस्टचा पातळ थर पसरायचा आणि त्यावर संशयिताचे थेंब ठेवायचे, अशी ही परीक्षा. जिवंत यीस्ट निळा रंग घालवून टाकतं, मेलेलं तो धरून ठेवतं. थेंबात मारेकरी असेल तर त्याच्याभोवती मोकळं कडं पडतं आणि कड्याला निळी किनार येते. थर द्यायला मी पास्कलनी आणलेल्या पुडीतलंच यीस्ट घेतलं. "हे तुमचं," मी त्यांना दाखवलं. ते मांडवाच्या खांबाला टेकून बघत होते.

नमुने चार. पहिला हरीभाऊंच्या माडावरून थेट, उकळत्या पाण्याने धुतलेल्या बाटलीत. तो आणायला ते स्वतः चढले, खालून पास्कलचा माणूस पहारा देत होता. दुसरा फुटलेल्या मडक्याच्या खापरीचा. तिसरा डेऱ्यातला. चौथा न फुगलेल्या पिठाचा. हे विष दोन-दोन दिवस उन्हाच्या तापात राहिलं तर निकामी होतं, म्हणून बशा ओल्या फडक्यात गुंडाळून पाण्याच्या माठाच्या सावलीत ठेवल्या.

संध्याकाळी पोटात कळ आली. मी मागच्या पडवीत बसून राहिले. ही भीतीची कळ की माडीची की आणखी कशाची, ते ठरवता येईना. फिलू शेजारी येऊन बसली. तिच्या लग्नाला तीन दिवस होते आणि ती माझी नाडी मोजत होती, तीसुद्धा चुकीच्या जागी बोट ठेवून. त्या रात्री मला फारशी झोप लागली नाही, एवढंच सांगते.

शुक्रवार

उजाडलं तेव्हा मला भूक लागली होती. भूक लागल्याचा इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता. हरीभाऊ जिवंत आहेत का ते बघायला मी चहाही न घेता गेले. ते खापऱ्या गोळा करून एका टोपलीत भरत होते. मला बघून म्हणाले, "बरी आसस?"

"आहे. तुम्ही?"

"माका काय धाड भरता."

मी माफी मागितली. खापऱ्या भरता भरता ते म्हणाले, "त्यांका इख हवाच होता. तू नसतंस तर दुसरा कोणी सांगला असता." मला त्याने बरं वाटलं नाही.

दुपारी पापा उठून बसले आणि चहा मागू लागले. मेरीबाईंनी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की बुधवारी लग्नाचं डुकराचं मांस मसाल्यात मुरत घातलं होतं, ते त्यांनी शेजारच्या चुलीवर स्वतःच थोडं परतून खाल्लं होतं. बोरिवलीच्या डॉक्टरने तसलं सगळं बंद केलेलं. "थोडाच खाल्ला," ते म्हणाले. किती, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

पोलिसांचं नाव मागे पडलं. पण गावात दिवसभर हरीभाऊंची माडी कोणी घेतली नाही. उसन्या कोयत्याने उतरवलेली माडी कावडीत तशीच परत जाताना मी दोनदा पाहिली. पास्कल म्हणाले, "पापा काय पण सांगतो. पीठ तर मेलं ना? तुझ्या बशा काय सांगतात ते बघू."

मी फडकं दर तासाला ओलं करत होते. झाकण उघडायची हिंमत नव्हती. खापरीभोवतीच कडं पडलं असतं तर? मारेकरी हरीभाऊंच्या मडक्यात निघाला असता तर तो दोष नसून निसर्ग आहे, हे मी पास्कलना कुठल्या शब्दांत पटवणार होते? शब्दांचा माझा एक अनुभव झाला होता.

शनिवार

त्या संध्याकाळी उंबराचं पाणी, म्हणजे नवरीच्या आंघोळीचं पाणी विहिरीवरून वाजतगाजत आणायचा विधी होता. वाजंत्री दुपारीच येऊन बसली होती. चार वाजता मी बशा ओट्यावर आणल्या आणि सगळ्यांसमोर फडकं सोडलं.

माडावरच्या माडीचा थेंब फिकट, भोवती काही नाही. खापरीचा थेंब, भोवती काही नाही. डेऱ्याच्या थेंबाभोवती नखाएवढं मोकळं कडं आणि त्याला काजळाने रेखावी तशी निळी किनार. पिठाच्या थेंबाभोवती तसंच, जरा लहान.

मी पास्कलना बशी उजेडाकडे धरायला दिली. त्यांनी ती बराच वेळ फिरवून पाहिली. "हे माझं यीस्ट?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या पुडीतलं. किनारीवर मेलंय ते."

"आणि त्याच्या मडक्यात काय नाय."

"काही नाही."

मेरीबाई आधी समजल्या. त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे आमच्याच डेऱ्यात," त्या हळू म्हणाल्या. "आमच्या घरात."

मी समजावून सांगितलं की यात कोणाचं पाप नाही. मागच्या लग्नानंतर डेरा धुऊन माळ्यावर ठेवला होता, पण मातीच्या भांड्याला बारीक छिद्रं असतात, त्यांत हे यीस्ट बसून राहिलं. ते स्वतः पीठ फुगवत नाही. ताजी माडी आली की तिच्यातल्या फुगवणाऱ्या यीस्टना मारतं आणि एकटं वाढतं. उपाय सोपा होता. डेरा बाजूला करायचा, स्टीलचं पातेलं उकळत्या पाण्याने धुवायचं आणि झाडावरून उतरलेली ताजी माडी घ्यायची.

"माडी," मेरीबाई म्हणाल्या. ती कोणाकडे मागायची, हे सगळ्यांना एकदमच आठवलं.

पास्कल म्हणाले, "मी बोरिवलीला जाऊन परत यीस्ट आणतो." ते कोणाच्याच नजरेला नजर देत नव्हते.

"नको," फिलू म्हणाली. ती माझा हात धरून निघाली. उद्याची नवरी, गजरा माळलेला, तशीच गल्लीतून.

हरीभाऊ दारात बसले होते. फिलूने सरळ सांगितलं, "डेरा आमचाच खराब होता. तुमचा काय दोष नाय. माझ्या फुग्यांना माडी पायजे."

"तुझ्या काकाक सांग चढाक."

"काका पडंल."

हरीभाऊ हसले नाहीत. "मडकी फोडल्यानी माझी. तुझ्या आवशीन बघल्यान ना?"

"बघितलं. ती रडत होती."

"रडत होती. बोलूक नाय."

फिलू तिथेच मातीत बसली. मी उभी. दूर वाजंत्री सुरू झाली, उंबराच्या पाण्याची वेळ झाली म्हणून बायका हाका मारू लागल्या. फिलू उठेना. मला वाटलं, ही आता विधी चुकवते.

शेवटी हरीभाऊ म्हणाले, "कोयतो माझो तुमच्याकडे आसा."

मी धावत जाऊन तो आणला. त्या गड्याने तो मांडवाच्या दोऱ्या कापायला वापरला होता, पात्याला सुतळीचे धागे चिकटले होते. हरीभाऊंनी ते एकेक काढले, पात्यावरून अंगठा फिरवला आणि पास्कलचे माड सोडून रस्त्यापलीकडच्या, दुसऱ्याच्या माडाखाली जाऊन उभे राहिले. आधाराला नुसत्या खाचा. बासष्टाव्या वर्षी हा माणूस चढतो तेव्हा खालचा बघणारा श्वास धरतो. वर पोयीला, म्हणजे ज्या कोवळ्या फुलोऱ्याचं टोक कापलं की रस ठिबकतो त्याला, बांधलेलं मडकं त्यांनी उतरवलं आणि कोयत्यासोबत मी आणलेल्या, उकळत्या पाण्याने धुतलेल्या डब्यात रिकामं केलं. माडी फेसाळ, दुधी, गोडसर वासाची.

पीठ सातच्या सुमारास भिजवलं. मी पातेल्यापाशी बसले. तासाभरात कडेला एक बुडबुडा आला. मग दुसरा. मेरीबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून वाकल्या होत्या. तो हात जड होत गेला तेव्हा कळलं, त्या रडत आहेत.

रविवार, सोमवार

लग्न झकास झालं. म्हाताऱ्या बायका लाल लुगडी आणि सोन्याच्या फुलांत, नवरी पांढऱ्या गाऊनमध्ये, बोरिवलीहून आलेला व्हिडिओवाला सगळ्यांना पुन्हा पुन्हा चालायला लावणारा. फुगे टम्म फुगले होते. मसाल्याच्या रश्शात बुडवून मी किती खाल्ले ते मोजलं नाही. पापांना एकच दिला. हरीभाऊ आले नाहीत. मेरीबाईंनी स्वतः ताट नेलं. ते त्यांनी ठेवून घेतलं, असं त्या म्हणाल्या.

सोमवारी सकाळी होडीच्या धक्क्यावर हरीभाऊ कपड्यांचं गाठोडं घेऊन उभे होते. मानखुर्दला पुतण्याकडे चालले होते. होडी सुटायच्या बेताला टांगा आला. त्यातून पास्कल उतरले आणि पाठोपाठ गवतात बांधलेली नवी मडकी. बावीस होती की कमी, मला कळलं नाही. त्यांनी ती एकेक करून हरीभाऊंच्या पायाशी मांडली. 

हरीभाऊंनी एक मडकं उचललं, टिचकी मारून आवाज ऐकला, परत ठेवलं. "मडकी आणलंस, बरा केलंस," ते म्हणाले. "आता माडार पण तूच चढ."

होडीत ते माझ्यासमोर बसले.  माझ्या डब्यात डेऱ्यातलं यीस्ट होतं. ते आज प्रयोगशाळेत जोमाने वाढतं आहे आणि दुसऱ्या यीस्टच्या अंगाला त्याचं विष नेमकं कुठे चिकटतं ते मी शोधते आहे. मला हवं होतं ते मिळालं.

हरीभाऊ शिमग्यानंतर परत आले, हे मला मेरीबाईंनी काचसामान धुता धुता सांगितलं. त्यांनी गावातले सगळे माड पुन्हा धरले, फक्त पास्कलचे आठ सोडून. त्या शेटजीने दुसरीकडे जमीन घेतली. पास्कल दोनदा बोलवायला गेले, मग जायचे थांबले.

"पोय कापली नाय तर काय होनार," मेरीबाई म्हणाल्या. "आते त्या आठांना नुसते नारळ धरतात."